रंग उतरतो तेव्हा

गुणतक्ता मी कधी वाचला नाही.
मला टोपलीतून कळायचं.

खालच्या विभागात होतो तेव्हा
जर्सी यायच्या चिखलानं जड,
कोपरांवर रक्त, पाठीवर अख्खं मैदान.
सोळा जर्सी, सोळा चड्ड्या, मोजे जोडीनं.
एक जरी कमी भरली
तर खजिनदार पंधरा दिवस बोलायचा नाही माझ्याशी.

मग आम्ही वर चढलो.
त्या रात्री पुएर्तो गार्सात
बंद पडलेल्या मांस कारखान्याचा भोंगा
कुणीतरी आत घुसून वाजवला,
अकरा वर्षांनी.
म्हातारे दचकून उठले,
अंधारात डबा शोधू लागले.

मार्चमध्ये राजधानीहून पहिली टोपली आली.
पाच-शून्य, असं ड्रायव्हर म्हणाला.
मी जर्सी उलगडल्या आणि पोटात गोळा आला:
स्वच्छ.
कोणी पडलंच नव्हतं.
चेंडूपर्यंत पोचलंच नव्हतं कोणी,
पडणार कुठून?
फक्त गोलकीपरच्या, विल्मारच्या, अंगावर हिरवे पट्टे,
तीन डाव्या कुशीला, दोन उजव्या.
मंगळवारी त्यानं माझ्या सायकलचं पंक्चर काढलं,
पैसे घेतले नाहीत.
मीही काही विचारलं नाही.

सात सामने, एक गुण.
तोही धुक्यात मिळालेला,
रेफ्रीला गोल कुठल्या बाजूला आहे तेच दिसत नव्हतं म्हणे.

जूनमध्ये ते लाल जर्सीवाले आमच्याकडे आले, मोठे.
हार्डवेअरच्या दुकानाच्या पत्र्यावर पाद्रीबाबा,
पोरं निलगिरीवर.
दोन-एक हरलो.
रात्री मोजते तर आठ नंबर नाही,
तिच्या जागी एक लाल जर्सी,
जाड, अत्तराचा वास येणारी.
एदिलसननं बदलून घेतली होती.
आमच्या विभागात कोण कुणाशी बदलणार,
आणि काय?
पोराचं तोंड असं,
जणू चोरीही करून आलाय आणि लग्नही.

रात्रीचे अकरा. पाणी गरम. डोळे मिटत होते.
तीस वर्षं रंग वेगळे धुणारी बाई मी.
सकाळी झाकण उघडलं
तर पंधराच्या पंधरा गुलाबी.

लिंबू झालं, व्हिनेगर झालं,
शेजारणीचे तीन उपाय झाले, तिसरा नवसाचा.
नव्या संचाला पैसे नव्हते.
खजिनदार पालथ्या बादलीवर बसून राहिला.
प्रशिक्षक ओल्बेरानं एक जर्सी उचलली,
उजेडात धरली आणि म्हणाला,
घाला.

पुढच्या गावी शिट्ट्या वाजल्या,
कोणी चॉकलेटं फेकली, कोणी चुंबनं.
एक-शून्य.
जिंकलो.
आणि टोपली!
दोघांनी मिळून उतरवावी लागली.
हौदात पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसरं चहासारखं.
मी चौथं पाणी भरताना गात होते म्हणे, मला आठवत नाही.
एदिलसनची आठ नंबर तेवढी नवी शिवलेली, पांढरी.
तो दारात घुटमळला.
नीब्याताई, हीपण तसली करा.

त्यानंतर पाच सामने जिंकलो, का सहा.
शेवटच्या रविवारी आमचं काम आम्ही केलं,
पण दुसऱ्याच कुठल्या गावात
नव्वदाव्या मिनिटाला कुणीतरी डोकं लावलं
आणि रेडिओनं आम्हाला उतरवलं.
बसमधून पोरं उतरली ती कपड्यांसकट,
टोपली रिकामीच.
सोमवारी एकेक जण जर्सी घेऊन आला,
घरून धुऊन, वाईट धुतलेली.
मी सगळ्या पुन्हा धुतल्या.

काल खजिनदार विचारत होता,
नवा संच पांढराच मागवू ना?
मी तोंडात चिमटे धरून होते,
त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

तारेवर सोळा आमच्या, आणि शेवटी ती लाल.
एदिलसन म्हणतो राहू दे तुमच्याकडेच.
तिचाही रंग बराच उतरलाय.
उतरलेला कुठे गेला, हे विचारायला
राजधानीतून अजून कोणी आलेलं नाही.