मापात पाप

मेट्रोने एकतीस वर्षं गव्हाचे ट्रक तोलले.
आधी भरलेला, मग रिकामा,
मधला फरक तो गहू.
त्यातूनही भुसा, खडे, रानमोहरी वजा,
मग चिठ्ठी फाडून शेतकऱ्याच्या हातात.
सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात
सगळ्यात उंच होतं ते धान्याचं कोठार
आणि सगळ्यात हट्टी माझा नवरा.

कोठार पाडलं. आता ओट्यावर,
ब्रेडचा डबा असायचा तिथं,
तळहाताएवढा काटा आहे.
दिवसाला कर्बोदकं तीस ग्रॅम.
टनांतला माणूस ग्रॅमांत आला.

पहिल्या तीन महिन्यांत काय केलं, सांगू?
बटाटा सोडला, पाव सोडला,
आणि बेकन, साय, चीज,
बदाम तर खिशातून, चालता चालता.
"यात कार्ब कुठंय?" म्हणायचा,
कोर्टात साक्ष द्यावी तसा.
दोन आठवडे वजन सरसर उतरलं.
मग जे रुसून बसलं, ते हलेना.

यॉर्कटनच्या दवाखान्यातली मारिविक
वयाने आमच्या नातीएवढी, मूळची इलोइलोची.
(तिच्या आईनेही भात सोडलाय म्हणे, रडत रडत.)
ती म्हणाली, "मिस्टर होलोवाटी,
कार्बच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, प्रथिनाला चार.
चरबीला नऊ.
तुम्ही दार लावून घेतलंत
आणि खिडकीतून पोती आत ओढलीत."

घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही.
रात्री वही काढली. तीन रकाने,
चिठ्ठ्यांवरचं तेच तिरकं अक्षर.
आधी प्रथिनं भरायची,
नाहीतर अंग भिंतीच्याच विटा काढून चुलीत घालतं.
मग कार्ब, तंतू वजा करून.
"हे मला नको शिकवू," मला म्हणाला. मी कुठं शिकवत होते?
"भुसा वजा जाता निव्वळ. हे मला झोपेत येतं."
चरबी शेवटी, उरल्या जागेत,
पाहुण्यासारखी, मालकिणीसारखी नाही.
बदाम मोजून बारा.
लोणी तर असं लावायचा
की चाकूलाच लाज वाटावी.

मग आली सहा जानेवारी, आमच्या नाताळची आदली रात्र.
बारा पदार्थ; मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही.
पिरोही, भाताचे कोबीगुंडे, घेवडा,
सुक्या फळांचं गोड पाणी.
आठवडाभर त्याने वहीशी भांडण केलं.
हेरिंग दीडशे ग्रॅम. तेलातल्या अळंब्या. आंबट कोबी.
पिरोही एक. 'एक' खाली दोनदा रेघ.

आणि सगळ्यांच्या आधी, रीतच आहे,
मध-खसखस घातलेली गव्हाची खीर.
एक ताट गेलेल्यांसाठी वाढायचं.
यंदा ते वासिलचं, त्याच्या धाकट्या भावाचं.
साखरेने आधी त्याचं पाऊल नेलं,
मग उरलेला वासिल.

मेट्रोने रिकामं ताट काट्यावर ठेवलं.
बटण दाबलं. शून्य.
एक डाव खीर. आणखी एक.
वरून मध, धार तुटेना.
आकडे पळत होते, तो बघत नव्हता.
"त्याला आता काय होणार आहे?"

स्वतःला घेतली एक चमचा.
"नऊ ग्रॅम," मी म्हटलं.
"साडेआठ. खसखशीचे तंतू धर."

जेवणं झाली. रिवाजाप्रमाणे ते ताट
रात्रभर टेबलावर तसंच ठेवलं.
बाहेर उणे एकतीस. खिडकीला आतून बर्फ.

सकाळी खिरीत एक खळगा होता,
बरोबर चमच्याच्या मापाचा.
वही पाहिली. नोंद नाही.
एकतीस वर्षांत कुणी म्हणू शकलं नाही
की मेट्रोच्या मापात पाप आहे.
तो आत घोरत होता.

मी पेन्सिल घेतली
आणि कार्बच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलं:
वासिल, नऊ.