हाताचं गिरमिट

फोनवरच्या बाईंनी आधी नाव विचारलं, मग आकडा.
नाव सांगितलं: आर्डिस टोलेफसन, डलूथ, मिनेसोटा.
आकडा सांगताना रेडिओ मोठा केला,
कुत्र्यालाही ऐकू जाऊ नये म्हणून.

पाच कार्डं. एकतीस हजार चारशे डॉलर.
छपराचे पत्रे, व्हर्ननची दाढ, लेकीचं क्लॅरिनेट,
आणि बाकी कशाकशाचे ते आठवत नाही.
आठवत नाही तेच जास्त.
व्याज सत्तावीस टक्के. नाकापेक्षा मोती जड,
आणि मोतीसुद्धा उधारीचा.

बाई रागावल्या नाहीत. त्याचंच रडू आलं.
"कात्री आहे का जवळ?"
होती, कोंबडी कापायची. तिनेच पाचही कापली.
पाचांचा मिळून आता एकच हप्ता,
त्यांची फी धरून सहाशे पासष्ट,
व्याज उतरवून आठावर, महिने साठ.
दोघांच्या सह्या. अट त्यांनी दोनदा वाचली:
नवं कार्ड काढायचं नाही.

मग मी हॉस्पिटलच्या लॉंड्रीत रात्रपाळी धरली.
दुसऱ्यांच्या चादरी घडी करत
छत्तीस महिने.
खर्चाच्या कागदावर एक रकाना होता, "इतर".
त्यात वीस डॉलर. त्यात वाढदिवस, त्यात कुत्र्याच्या गोळ्या,
त्यात एकदा उगाच घेतलेला
एक पिवळा टॉवेल.

सदतिसाव्याच्या आठवड्यात
पक्कड शोधत व्हर्ननचा गळांचा डबा उघडला.
शिशाच्या गोळ्यांखाली, नवं कोरं,
त्याचं नाव उठावदार अक्षरात.

तळ्यावर गेले. त्याची खोपटी निळी, दारात ते यंत्र:
पेट्रोलवर चालणारं, लालभडक, पाचशे एकोणपन्नास डॉलरचं,
बर्फाला सहा सेकंदांत भोक पाडणारं.
ओरडले नाही. बर्फावर आवाज लांब जातो,
आणि कोण किती पाण्यात आहे
याची लुंडीनच्या खोपटीला फार काळजी.

"खांदा दुखतो गं," तो म्हणाला.
एवढंच.
चाळीस वर्षांत त्याने दुखण्याचं नाव काढलं नव्हतं,
आणि काढलं ते हे असं, पावतीसकट.
मी कार्ड भोकात टाकलं.
ते डुलत डुलत गेलं, हिरव्यातून काळ्यात.
व्हर्नन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
"नंबर तरी लिहून घ्यायचा होतास.
बंद कसं करणार आता?"

हसू कुणाला आधी आलं, सांगत नाही.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काही बिघाड?"
"नाही. यंत्र उत्तम आहे."
त्याच्या फॉर्मवर या कारणाला चौकोन नव्हता.
त्याने "इतर"वर खूण केली.

बाईंना खरं ते सांगितलं. पलीकडे नुसती टकटक,
बोटांची, बटणांवर.
"बरं झालं, तुम्हीच सांगितलंत," म्हणाल्या,
"बँकांना आधी कळतं तर आठाचे पुन्हा सत्तावीस."
मग आवाज बदलून: "खांद्यासाठी
'इतर'मध्ये थोडे वाढवू या का?"
पाच डॉलर वाढले. मलमाची ट्यूब सहाची.

शनिवारी दोघं गेलो, जुनं गिरमिट घेऊन.
कालचं भोक मिटलेलं. बर्फाला सांगावं लागत नाही,
झोपेतही तो चढतो.
वीस फेरे त्याचे, वीस माझे.
पांढरा भुसा बुटांवर.
खाली पाणी आहे हे ठाऊक असतं,
दिसत मात्र शेवटच्या फेऱ्यापर्यंत काहीच नाही.
"अजून?"
"अजून."
माझी पाळी आली. मुठीवर त्याच्या हाताची ऊब होती,
आणि मलमाचा वास.