वाट पाहण्याची मर्यादा

ग्रिम्स्बी, पहाटे चार चाळीस.
फोनवर लिनेट, मासळीच्या लिलावघरातून:
"पडदा पांढरा आहे, पोरी. आणि नऊ टन हॅडक
बर्फात पडलाय."

झोपायच्या कपड्यांवर कोट, मांडीवर लॅपटॉप.
हीटर लावला की मीटर पळतो, म्हणून नाही लावला.
काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं:
पाचशे चार.
म्हणजे दारावरचा सर्व्हर सांगतोय,
मी आत हाक मारली, साठ सेकंद थांबलो,
आतून कुणी ओ दिली नाही.

आधी दारावरच्यालाच धरलं.
बंद करून चालू केला, सगळे करतात तसा,
आणि स्वतःला सांगितलं की विचार करून केला.
कॉन्फिग तपासली: ठीक.
सर्टिफिकेट: जूनपर्यंत वैध.
डिस्क: निम्मी रिकामी.
परवानग्या, पोर्ट, फायरवॉल,
सगळे साळसूद, ताकास तूर लागू देईनात.
लॉगमध्ये एकच वाक्य, दीडशे वेळा,
वरून उत्तर आलं नाही
वरून उत्तर आलं नाही
जणू एखाद्या भाविकाची तक्रारवही.
आग रामेश्वरी,
आणि मी सोमेश्वरी बंब पुसत बसलेली.

पाच दहा. पुन्हा लिनेट.
"खरेदीदार आलेत. एकजण म्हणतोय फळ्यावर लिहू.
खडू कुणाकडे आहे का, ते विचारत फिरतोय."

मग आतला रस्ता मी पायी चालले,
एकेका दारावर स्वतः थाप मारत.
दारापासून अ‍ॅपपर्यंत: हाक, लगेच ओ.
अ‍ॅपपासून डेटाबेसपर्यंत: हाक, ओ.
अ‍ॅपपासून धक्क्यावरच्या शेडमधल्या वजनकाट्यापर्यंत:
हाक.

तीस.
साठ.
ऐंशी.
उठून चहा टाकावा असं वाटलं नेमक्या तेव्हा,
सत्त्याण्णवाव्या सेकंदाला,
काट्यानं आकडा दिला. बरोबर आकडा, ग्रॅमपर्यंत.
मेला नव्हता. गारठला होता.

आणि साठ कुणी लिहिलं होतं?
मीच. गुरुवारी दुपारी, साफसफाई करताना.
जुन्या फाइलीत तीनशे होतं,
आणि त्यावर हॅशच्या आडोशाला एक टिपण:
शेडमधला म्हातारा आहे. थंडीत घाई करू नये. एन. ए.
एन. ए. म्हणजे 'लागू नाही' असं समजून
मी ती ओळ पुसली.
पाच मिनिटं कोण थांबतं हल्ली,
असं मनात म्हटल्याचंही आठवतंय.

तीनशे. सेव्ह. रीलोड.
रीस्टार्ट नाही, तेवढं शिकले.
पडद्यावर हळूच उमटलं:
लॉट एक, हॅडक, मध्यम, बेचाळीस किलो.

"लिनेट, एन. ए. कोण गं?"
"नॉर्मन ऑलनबी. हे सगळं त्यानंच मांडलेलं.
क्लीथॉर्प्सला असतो आता. कान गेलेत.
विचारलं की जरा थांबायचं, मग देतो उत्तर."
एवढं बोलून तिनं फोन न ठेवताच खिशात टाकला असावा,
बराच वेळ फावड्यानं बर्फ ओढल्याचा आवाज येत राहिला,
आणि कुणीतरी भाव पुकारत होतं.

नॉर्मनची ओळ बॅकअपमधून काढून
होती तिथे ठेवली, स्पेलिंगच्या चुकीसकट.
तिच्याखाली माझी एक, मराठीत.
हॅश लावला की यंत्र वाचत नाही,
कुठलीही भाषा चालते:
थांबा. वजन येतंय.

सहीला ओ. के. लिहिलं.
मग पुढचा काय समजेल ते लक्षात आलं,
आणि ते खोडून पूर्ण लिहिलं,
ओजस्विनी कर्णिक.