सुटे कागद

फिरकेशेटच्या प्रेसमध्ये मी खिळे सोडायचे.
छापून झालेला मजकूर मोडायचा,
क कच्या घरात, ळ ळच्या.
लग्नपत्रिका, केळी ग्रुपची पावतीपुस्तकं,
दशक्रियेची कार्डं. ती नेहमी घाईची.

ट्रेडल अमेरिकन होतं.
त्याच्या लोखंडात ओतलेलं कुठल्याशा गावाचं नाव.
शेटनी एकदा त्या गावाला पत्र टाकलं :
रूळ झिजला आहे, मिळेल काय?
कारखाना कधीचाच मिटला होता.
पत्र हिंडत हिंडत पोचलं मिसेस हॅडलीकडे.
ती मोटार ठेवायच्या खोलीत तसंच मशीन चालवायची
आणि त्यावर नुसत्या कविता छापायची,
एका कागदावर एक.
रूळ तिच्याकडे नव्हता. तिनं कविता पाठवली.

शेटनी उलट टपाली भंगाळ्यांच्या घरची पत्रिका धाडली,
दोन रंगी, गणपती सोनेरी.

असं सत्तावीस वर्षं.

शेटचं इंग्रजी बिलापुरतं.
ते कागद उजेडाला तिरपा धरायचे,
पाठीमागून अंगठा फिरवायचे.
‘जैतून, हात धुई ये आधी.
आता पाह्य. दाब पाह्य.
कागदाले दुखलं नही, पन त्याले आठवन राह्यली.’

मे महिन्यात फैजपुरात कागद पापड होतो,
श्रावणात सादळतो.
उन्हाळाभर कपाटाच्या तळाशी पाण्याची परात,
पावसाळ्यात तिथंच कोळसे.
कसर लागू नये म्हणून वेखंड.
दर दोन कागदांमध्ये बटर पेपर,
तो इतका लागायचा
की बेकरीवाल्याला वाटायचं
शेट घरी नानकटाईचा धंदा करतात.
घडी घालायची नाही. घडी म्हणजे हाड मोडणं.
पुतण्यानं हौसेनं एक कार्ड लॅमिनेट करून आणलं,
तर शेट त्या दिवशी जेवले नाहीत.
‘जित्तं पुरलं त्याले,’ एवढंच.

एकशे बारावा कागद.
शेटनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
सातव्या ओळीत एन उलटा पडला होता,
यू होऊन बसला होता.
अर्थ कळून नाही, ठेवणीवरून ओळखलं त्यांनी :
एकाच अक्षराचे पाय वर होते.
तसं कळवलं.
दोन महिन्यांनी उत्तर :
तीनशे प्रती गेल्या, कुणाला दिसलं नाही,
जिची कविता तिलासुद्धा.
तुम्ही फार मन लावून वाचता.

शेट लाजले. वाचली कुठं होती!

मग फ्लेक्स आलं.
ट्रेडल किलोनं गेलं, टेम्पोत चढेना,
चौघं जण लागले.
शेट त्याच्या आधी गेले हे एक बरं.
पुतण्या म्हणाला, स्कॅन करून घे मावशी, कशाला जागा अडवतेस?
केलं स्कॅन. अक्षरं सगळी आली.
अंगठ्याला काही लागेना.

कपाट आता माझ्याकडे.
माझी अफसाना दुपारी एखादा काढून वाचते, सांगते :
ह्यात बर्फानं अडलेलं फाटक आहे,
ह्यात एक माणूस नुसते टोमॅटो मोजतो,
हे मला नाही समजलं, अम्मी.
मी म्हणते, असू दे. नीट ठेव.

तीनशे एक्केचाळीस नोंदी वहीत,
तारीख, कागदाची जात, शाईचा रंग.
शेवटची शेटच्याच थरथरत्या हातची.
त्या पाकिटात पत्र नव्हतं, पुढं कधी आलंही नाही.
एक जाड पांढरं कार्ड, कोरं.
मी तर रद्दीत टाकायला निघाले होते.
शेटनी ते खिडकीशी नेलं, उन्हात आडवं धरलं,
आणि ओळी उठल्या,
नुसत्या दाबाच्या, अकरा.
विसरली असेल, की शाईच संपली होती,
की तिला तसंच हवं होतं, कोण जाणे.

वहीत शाईच्या रकान्यात ‘नाही’ असं आहे.
त्यापुढं, रकाना सोडून बाहेर :
मजकूर आहे.