नववं रीळ

आमच्या गावापासून समुद्र
सगळीकडून सारखाच लांब.
झिरो माईलचा खांब उन्हात उभा राहून
दुसरं काय सांगतो?
म्हणून समुद्रच यायचा इतवारीत,
चंद्रप्रभा टॉकीजला,
पत्र्याच्या गोल डब्यांत बसून,
मोतीराम परातेच्या सायकलच्या कॅरिअरवर.

प्रिंट एक, टॉकीजा दोन.
सदरला रीळ संपलं की मोत्या निघायचा,
आणि इकडे आमचा नायक दोराला लटकलेला,
खाली मगर
(रबराची. तेव्हाही कळायचं,
पोटावरची शिवण दिसायची),
तो मगरीला विचारतोय, जेवण झालं का,
आणि भप्पकन दिवे लागायचे.
पंच्याहत्तर पैशांच्या बाकांवर शिट्ट्या,
शेंगांची टरफलं,
कोणीतरी ओरडायचं, "मोत्या, पायडल मार बे!"
जसा काही नायकाचा जीव
त्याच्या सायकलच्या चेनवर टांगला आहे.
होताच.

त्या सिनेमांत मरण
हाफ-डे टाकून यायचं.
गोळ्या फक्त टोप्यांना लागायच्या.
दुष्ट माणूस तळ्यात पडायचा
आणि डोक्यावर कमळ घेऊन वर यायचा.
शेवटी खजिन्याची पेटी दरीत जायची
आणि ज्यांची गेली तेच पोट धरून हसायचे.
मी घरी येऊन बापाला विचारलं,
आपला माग विकला तेव्हा
आपण का नाही हसलो?
त्यानं एक कानाखाली वाजवली.
मग, बऱ्याच वेळानं,
अंधारात, खाटेवर,
त्याला हसताना ऐकलं.

एका मे महिन्यात मंगळवारीच्या फाटकात
मालगाडी सरली, मोत्या घाईत घसरला,
डबा उघडला
आणि समुद्र डांबरावर सांडला.
शेचाळीस डिग्रीत तो गुंडाळत बसला,
सदऱ्यानं पुसत, वीत वीत करत.
त्या दिवसापासून नायक भर उन्हात नाव वल्हवायचा
तेव्हा पडद्यावर
उभ्या रेघांचा पाऊस पडायचा.

परवा त्याच्या घरी गेलो.
गुडघा बदललाय. कूलरला नवा वाळा लावलाय.
नातीच्या टॅबवर तो सिनेमा लावला,
तेव्हा कळलं,
मोत्यानं एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही.
सुरुवात माहीत, शेवट माहीत,
मधलं सगळं पायडलवर गेलं.

मगर आली. कवळी सांभाळत हसला.
दोर तुटायला आला.
त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
"आता मी कडबी चौकात असन."

मग नाव आली. ऊन लख्ख. पाणी निळं.
रेघ एकही नाही.
कोणीतरी कुठल्याशा यंत्रात घालून
सगळं स्वच्छ धुऊन काढलं होतं.
तो पुढे वाकला. चष्मा पुसला.
"इथं पाऊस होता बे."
होता, म्हटलं.
"लोक सांगत मले. म्या नाई पाह्यला."

पेटी दरीत गेली तेव्हा तो इतका हसला
की सून पाणी घेऊन आली.
पाणी तसंच राहिलं.
"पुन्हा लाव," म्हणाला.
पहिल्यापासून?
"नाई. फाटकापासून."