झाकली मूठ

पंतनगरच्या आमच्या अभ्यासिकेत रजिस्टरला पाच रकाने:
नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही,
आणि शेवटचा, आखूड,
अडचण आल्यास कोणाला कळवायचे.

बहुतेक पोरं तो न वाचताच भरतात.
आईचा नंबर, दादाचा, कुणी खोडसाळपणे मैत्रिणीचा.
दिलवर वळवीनं लिहिलं होतं, एकशे एक.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"अरे, हा आग लागली तर. तुला काही झालं तर?"
तो हसला, ओठांच्या एकाच बाजूनं.
"वडिलांचा फोन टेकडीवर चढल्यावरच लागतो, मॅडम.
हा भिंतीवर दिसला.
इथला दुसरा कुठला माहीत नाही."

डिप्लोमाचं दुसरं वर्ष. तीन केटी.
रोज शेवटचं टेबल, पंख्याखालचं नव्हे, भिंतीकडचं.
रात्री साडेदहाला दोन केळी,
सालं कागदात नीट गुंडाळून.
विचारलं की, "काही नाही, मॅडम."

मला त्या दोन शब्दांची भीती वाटते.
दोन वर्षांपूर्वी एक मुलगा तेच म्हणायचा,
मग एका सोमवारपासून आलाच नाही.
गावी गेला म्हणतात.
त्याची कंपासपेटी माझ्या खणात आहे,
पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

आमची आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची.
तिनं ती शेवटपर्यंत झाकलेलीच ठेवली.
गाठ कळली तेव्हा
डॉक्टर आमच्यावरच ओरडले.

म्हणून मी त्याला उपदेश केला नाही.
उलट मीच हात पसरले:
"वॉर्ड ऑफिसला हा तक्ता कॉम्प्युटरवरून पाठवायचाय,
बेरीज चुकतेय, मला जमत नाही रे."
खोटं नव्हतं. एकोणीस वर्षं नोकरी झाली तरी
'जमत नाही' हे मोठ्यानं म्हणताना
घशात काहीतरी अडकलंच.
त्यानं दहा मिनिटांत करून दिलं
आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला.

बसला, पण बोलला नाही.
चार दिवस नुसताच येऊन बसायचा.
पाचव्या दिवशी मूठ टेबलावर ठेवली, उघडली.
सव्वा लाख नव्हते.
घामानं चुरगळलेली फीची नोटीस होती,
चार हजार दोनशे, शाई पुसट.
स्कॉलरशिप अडकलेली एका वेलांटीवर,
दाखल्यात ऱ्हस्व, फॉर्मवर दीर्घ.
"आणि मशीन ड्रॉइंगचे सर इंग्लिशमधून भराभर बोलतात,
सगळे मान हलवतात,
म्हणून मीही हलवतो."

पुढच्या टेबलावर कान इकडेच ठेवून बसलेली
नसरीन तांबोळी वळली,
"मीपण नुसतीच हलवते रे!"
मग सायमन डाबरे. तोही केटीवाला.
इतके दिवस माना हलत होत्या
आणि प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना कळतंय.

आता ते तिघं बाहेरच्या पायरीवर बसतात,
कारण आत बोलायला मनाई,
पाटी मीच लावलीये.
कॉलेजच्या क्लार्कनं फीला महिन्याची मुदत दिली,
विचारल्यावर. विचारल्यावर लगेच.
वेलांटीसाठी नसरीनचे मामू
झेरॉक्सच्या दुकानातून तहसीलला फोन लावतात,
ती अजून सुटलेली नाही.
केटी दोन सुटल्या, एक आहे.
परवा रडला, पायरीवर, सगळ्यांदेखत.
सायमननं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला
आणि दुसऱ्या हातानं केळं खाल्लं,
त्याचंच.

काल रजिस्टर उघडलं.
एकशे एकवर काट,
शेजारी दोन नंबर, दोन वेगळ्या अक्षरांत,
रकान्यात मावले नाहीत म्हणून समासात चढलेले.
"मॅडम," दिलवर म्हणाला, "सही तुम्हीपण करता रोज.
तुमचा शेवटचा रकाना रिकामा का?"

मी म्हटलं, "काही ना..."
आणि थांबले.
पेन त्याच्याच हातात होतं.