अकरा रेघा

शनिवारी दुपारी न्यूकॅसलच्या स्टोवेल स्ट्रीटवर,
खिडकीत भाजलेली बदकं टांगलेल्या हॉटेलच्या माडीवर
मिसेस लाउ आम्हांला एकच अक्षर गिरवायला देतात.
तीन आठवडे झाले, तेच:

第

आकड्याच्या आधी लावायचं.
एकाआधी लावलं की पहिला,
नव्व्याण्णवाआधी लावलं की नव्व्याण्णवावा
(म्हणून बघा, जीभ जिन्यावरून घसरते).

मिसेस लाउ हाँगकाँगच्या, त्या म्हणतात दै.
हारुए म्हणते दाई,
आणि मला उगाच गरम पाण्याचं घंगाळ दिसतं.
ओ-ग्युन स्वयंपाकी आहे, तो म्हणतो जे,
जणू पुढचं वाक्य गिळून टाकलं.
क्वी आजोबा म्हणतात दे,
आमच्याकडे आता जुन्या शब्दांतच उरलंय, म्हणतात.
मला वाटतं, काहीतरी मागताहेत.

मला आवडलं ते वेगळ्याच कारणाने.
हे अक्षर काही विचारत नाही.
माझी भाषा जागा देण्याआधी विचारते,
मुलगा की मुलगी?
मी पहिली.
चार वर्षांनी उन्मेष आला,
आणि तो पहिला झाला.
शिधापत्रिकेवर बाबा, आई, उन्मेष, मग मी.
बार्शीच्या घराच्या कागदावर तर तिऱ्हाईत;
त्या शब्दाच्या पोटात 'तिसरा' बसलाय
हे मला टाइन नदीच्या काठी राहायला आल्यावर कळलं.

आज मिसेस लाउंनी अक्षर फोडून दाखवलं.
वरच्या सहा रेघा: बांबू.
खालच्या पाच?
धाकटा भाऊ, म्हणाल्या.
मी एवढ्या मोठ्याने हसले
की शाईचा थेंब हारुएच्या कागदावर.
आलास का रे, इथेही येऊन बसलास!

त्यांना वाटलं मला समजलं नाही.
मग त्यांनी पेनाला माझ्याच लोकरीचा धागा गुंडाळला,
वेढ्यावर वेढा:
हा आधीचा, हा नंतरचा.
फार पूर्वी खुंट्याला दोरी अशी गुंडाळत,
त्यावरून क्रम,
क्रमावरून पाठचा भाऊ.
मग भावाचा भाऊच राहिला
आणि क्रमासाठी डोक्यावर बांबू चढवला.

घर गेट्सहेडला, पुलापलीकडे.
किट्टीवेक परतलेत,
दगडी खांबांच्या कंगोऱ्यांवर केवढा कलकलाट,
प्रत्येकीला गेल्या वर्षीचीच जागा हवी.
अर्ध्या पुलावर मी थांबले.
भाऊबीज.
इतकी वर्षं नुसता सण म्हणून उच्चारला,
ताटातल्या निरांजनासारखा, न बघता.
भाऊ, आणि बीज म्हणजे दुसरी.
आम्हीही तर भाऊ आणि अनुक्रम
एकाच शब्दात कोंबून ठेवलेत,
आणि मी मात्र बांबूच्या पानांआड
त्याला चोरासारखं पकडलं.

कागदाचा फोटो पाठवला.
बार्शीत रात्रीचे साडेनऊ.
लगेच उत्तर: ताई, हे उलटं धरलंयस का?
मग: पहिल्यांदाच काढलंस?

सत्तराव्यांदा, मी लिहिलं.
वरचा बांबू बरा येतो.
खाली तू आहेस.
तो भाग अजून जमत नाही.